चंदाची सुई

अनसिंग
१४ सप्टेंबर २०२५

निता,

हे पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे. फोनवर आपलं बोलणं लगेच भांडणावर येतं, आणि बोललेलं खोडता येत नाही. कागदावर येतं. वर पहिल्या दोन ओळी खोडल्या आहेत, त्या मोठ्या करून वाचायचा प्रयत्न करू नकोस.

तुमच्या संघटनेचं निवेदन रिसोडला माझ्यासारखंच निसर्गोपचार केंद्र चालवणाऱ्या धनराजनं मला पाठवलं. निसर्गोपचारकांच्या नोंदणीचा मसुदा सरकारनं काढला, हरकती मागवल्या, त्यावर तुम्ही डिगरीवाल्यांनी लिहिलेलं. खाली तुझी सही आहे. सही मात्र अजून माझ्यासारखीच करतेस, शेवटची रेघ वर ओढून.

तुमच्या मागण्या दोनच. नोंदणी फक्त साडेपाच वर्षांची पदवी घेतलेल्यांची करा. आणि अशा नोंदलेल्यांना थोडं प्रशिक्षण देऊन ठरावीक ॲलोपॅथीची औषधं लिहायचा अधिकार द्या. पहिल्या मागणीनं तू मला संपवलंस आणि दुसरीनं निसर्गोपचार. मला माझं वाईट वाटत नाही. हे खोटं आहे, पण खोडत नाही.

निवेदनात एक चूक आहे, ती आधी सांगतो. मातीपट्टीसाठी ‘कोणतीही स्वच्छ माती’ असं छापलंय. कोणतीही नाही. खत-फवारा न पडलेल्या रानातली, हातभर खोलीवरची, उन्हात वाळवलेली, फडक्यानं चाळलेली. हे तुला सात वर्षांची असताना येत होतं. पदवी घेताना कुठं सांडलं?

अकोल्याच्या सभेत तू माईकवर म्हणालीस, ‘माझे वडीलसुद्धा विनापदवीवाल्यांतच बसतात.’ लोक हसले. धनराज माझ्या शेजारी होता, त्यानं माझ्या मांडीवर हात ठेवला. तुझ्या बोलण्यापेक्षा तो हात जास्त लागला. तेव्हापासून आपण बोललो नाही, ते माझ्यामुळं असं तुझी आई म्हणते. असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्यांनी जन्म या कामात घातला त्यांना परीक्षा घेऊन नोंदवा, असं एक कलम तुमच्या निवेदनात घाला. तोंडी घ्या, लेखी घ्या, मातीत उभं करून घ्या. मी इंग्रजी ग्रंथ डिक्शनरी मांडीवर ठेवून वाचलेत, कुणी शिकवलं नाही. परीक्षेला मी भीत नाही.

जानराव
(बाबा असं लिहिलं होतं. मग ठरवलं, हे कामाचं पत्र आहे.)


२७ सप्टेंबर

निता,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं होतं, त्यामुळं तू चिडून लिहिलंस की शांतपणे ते कळलं नाही.

तू लिहितेस की आपल्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधीच कसली तरी गोळी घेत असतो. ती कधी कमी करायची, कधी मुळीच हात लावायचा नाही, हे ज्याला कळतं त्यालाच हा अधिकार असावा, आणि त्याची जबाबदारीही. ‘बाबा, औषध बंद कर म्हणणं हेही औषध लिहिणंच आहे. फरक एवढाच की त्याखाली कुणाची सही नसते.’

वाक्य सभेत टाळ्या घेईल. पण बंद करणं म्हणजे लिहिणं कसं? मी थांब म्हटलं म्हणजे मी चाल म्हटलं असं होतं का? तुमच्या कॉलेजात तर्कशास्त्र नव्हतं वाटतं.

वादानं हे मिटणार नाही म्हणून आता दाखला देतो. अकोल्याला ८ ऑक्टोबरला हरकतींची सुनावणी आहे. तू येणार आहेस हे तुझ्या आईकडून कळलं. मी पण येणार आहे, आणि एकटा येणार नाही.

आसेगावकडच्या तांड्यावरचा किशन तुला आठवणार नाही. पंधरा दिवसांपूर्वी तो बायको मोतीबाई आणि पोरगी चंदा यांना घेऊन आला. चंदा पंधरा वर्षांची, दहावीत. नऊ वर्षांची असल्यापासून सुईवर आहे, इन्सुलिन. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो. तिथं पालात बाटली गार ठेवायला बरफ कुठला? गेल्या साली मडक्यात ओल्या रेतीवर बाटली ठेवली होती, ती मांजरानं पाडली.

किशन म्हणाला, “भाऊ, पाव्हणे येतेत पोरीले पाह्याले. सुई पाह्यली का चहा अर्धा ठेऊन उठतेत. तुमी मोठेमोठे दुखणे बरे केले म्हणे. हे एक काढा तिच्या अंगातून.”

चंदा मधेच म्हणाली, “मले लगन नाई कराचं. मले पोलीस भरतीत जाचं हाये. पन थे बी सुईवालीले घेत नाई.”

मोतीबाई म्हणाली, “मोठी आली पोलीस. आंधी घरातली मांजर पकड.”

मी हसलो. अशी हुशार पोरगी केंद्रावर बऱ्याच दिवसांनी आली. मातीपट्टी कशाची ते तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. ‘कोणतीही स्वच्छ माती’वाल्यांपेक्षा बरी.

मी आंधळेपणानं काही करत नाही हे तुला माहीत आहे. कटिस्नान, पोटावर माती, कारल्याचा रस, शिजवलेल्या पालेभाज्या. सुई एकदम सोडवली नाही, हळूहळू निम्म्यावर आणली. पोरगी उत्साहात आहे. थोडी वाळली, पण आमच्याकडे सगळेच वाळतात. पाणी खूप पिते, तेही चांगलंच. शरीर धुतलं जातंय.

सुनावणीत मी भाषण करणार नाही. चंदाला उभी करणार. सुईशिवाय.

जानराव


२ ऑक्टोबर, दसरा

निता,

सकाळपासून तुझे इतके फोन आले की मी फोन कपड्याखाली ठेवला. तुझ्या आईनं तुला काय सांगितलं ते मला माहीत आहे, कारण सांगताना ती मुद्दाम माझ्यासमोर उभी होती. ती घाबरट आहे. म्हणून जे आहे ते व्यवस्थित लिहितो. वाचून तुझीच खात्री पटेल.

परवापासून चंदाला उपवासावर घेतलं. लिंबूपाणी आणि मध, बाकी काही नाही. अन्नच नाही तर साखर कशाला वाढेल, म्हणून सुई थांबवली. हे साधं गणित आहे. किशन-मोतीबाई समोर होते, दोघांना समजावून सांगितलं.

काल दुपारनंतर तिला मळमळ सुरू झाली. पोट दुखतं म्हणाली. रात्री दोन उलट्या. आज सकाळी ती आपट्याची पानं घेऊन माझ्याकडं आली, “भाऊ, सोनं घ्या,” म्हणाली आणि तिथंच ओट्यावर टेकली. आता झोपून आहे. श्वास मोठा आणि खोल चाललाय, सावकाश नाही, पण लयीत. तोंडाला पिकून काळ्या पडलेल्या केळासारखा वास येतो. तुझ्या आईनं नाक धरलं. मी मात्र तो वास ओळखला. उपवास लागला की तो येतोच. मी स्वतःच्या तोंडाचा घेतलाय, शेकडो माणसांच्या तोंडाचा घेतलाय. शरीर साठवलेलं जाळायला लागलं की हा वास येतो. तो आला नाही तर माणूस चोरून खातोय असं मी समजतो.

हा उफाळा आहे. रोग जाताना एकदा उसळी मारतो, ताप येतो, उलट्या होतात, माणूस मलूल पडतो. जो इथं घाबरला आणि गोळीकडे वळला त्याचं सगळं केलेलं वाया जातं. तुला मी हे शिकवलंय. तुला गोवर झाला तेव्हा तुझी आई दाराशी रडत होती आणि मी गोळी दिली नाही. तू उठून बसलीस की नाही?

उद्या संध्याकाळपर्यंत उतरेल. मोतीबाई तिच्या डोक्याशी बसली आहे. मी विचारलं, “भीती वाटते का?” ती म्हणाली, “तुमी हायेत न.”

जानराव

सायंकाळी: हाक मारली तर डोळे उघडते, पण उत्तर अर्धवट देते. थकवा आहे.


३ ऑक्टोबर

निता,

तू माझ्या दारात गाडी पाठवलीस. तिकडं लांब बसून १०८ ला फोन केलास आणि पत्ता सांगितलास, ‘अनसिंग, बसस्टँडच्या मागं, जानरावचं केंद्र, पंधरा वर्षांची मुलगी बेशुद्ध होत आहे.’ गाडीवरच्या डॉक्टर पोरानं मला तसंच्या तसं वाचून दाखवलं. सगळं गाव पाहत होतं.

मी फाटकात उभा राहिलो. म्हणालो, हिच्या आईबापाची परवानगी घ्या. किशन माझ्याकडे पाहत होता. मग तुझी आई पुढं आली. सिंधूनं उभ्या जन्मात चारचौघांत मला कधी तोडलं नव्हतं. म्हणाली, “तुमाले बापलेकीले नुसते कागद पाह्यजे. इथं लेकरू मरून राह्यलं न तुमी लिहून राह्यले! सरका!”

मी सरकलो.

त्या पोरानं चंदाच्या बोटातून रक्त काढलं. त्या यंत्रावर आकडा आला नाही, नुसतं इंग्रजीत ‘हाय’ आलं. मी म्हणालो, यंत्र बिघडलंय. तो म्हणाला, “काका, आकडा मावत नाही त्याच्यात.” मग त्यानं तिच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि मला विचारलं, “हा वास कधीपासून येतोय?”

मी सांगितलं. बरोबर सांगितलं, वेळेसकट.

त्यानं स्ट्रेचर मागवलं. त्याचं वय तुझ्याएवढंच असेल.

वाशीमहून तिला अकोल्याला नेलं आहे. किशन सोबत गेला. मोतीबाई मागच्या जीपनं. मला कुणी बस म्हटलं नाही.


६ ऑक्टोबर

निता,

काल पहाटे चंदा गेली. तुला आईनं कळवलं असेल.

तू पाठवलेलं सगळं वाचलं. तोच वास उपवासाला येतो आणि ज्याच्या अंगात इन्सुलिनच नाही त्याच्या मरणालाही येतो. असा माणूस जेवला नाही तरी त्याच्या रक्तात साखर वाढतच राहते. पाणी खूप पिणं म्हणजे धुणं नव्हतं, आणि वाळणं म्हणजे हलकं होणं नव्हतं. सुई ही तिला औषध नव्हती, श्वासासारखी होती. तू हे तीन ओळींत लिहिलंस. माझ्या कपाटातल्या पुस्तकांत पुन्हा पाहिलं. उपवासाच्या प्रकरणात वासाबद्दल दीड पान आहे. सुईवरच्या लेकरांबद्दल काही नाही. ती लिहिली तेव्हा अशी लेकरं जगतच नव्हती, म्हणून नसेल.

तू लिहिलंस की माझं दसऱ्याचं पत्र वाचताच तुला कळलं होतं, आणि तुझ्या हातात तेव्हाही एक इंजेक्शन लिहायचा अधिकार नव्हता, गाडीचा नंबर फिरवण्यापलीकडे तू काही करू शकत नव्हतीस. हे तू वाद म्हणून लिहिलं नसशील. मला वाद म्हणूनच ऐकू आलं. माझ्या कानाची सवय आहे.


१३ ऑक्टोबर

निता,

सुनावणीला मी आलो नाही. तिथं ॲलोपॅथीच्या डॉक्टरांच्या बाजूनं चंदाचं नाव निघालं आणि तुमचं निवेदन बाजूला पडलं, हे धनराजकडून कळलं. तू उभी राहून ‘तो माणूस माझा बाप आहे’ असं म्हणालीस, हेही कळलं. ते म्हणायची गरज नव्हती. लोकांना आडनावावरून कळलंच असतं. तरी तू म्हणालीस.

माझ्यावर गुन्हा दाखल होणार आहे. परवा धनराज मोटरसायकलवर आला. त्याच्या केंद्रावर आता एक निवृत्त नर्स खुर्चीवर बसवली आहे, सही करायला. तो हुशार आहे. म्हणाला, “जानरावभाऊ, तुमी सुई बंद करा असं कोठी लिहून देल्लं काय? नाई न. मंग झालं. घरच्याईनंच बंद केली. किशन लिहून द्याले तयार हाये.”

किशन त्याच्या मागंच उभा होता. सुतकात होता, डोकं भादरलेलं. म्हणाला, “भाऊ, तुमी देवमाणूस. तुमच्यावर कायले यावं? मी सांगतो, आमीच बंद केली. आमाले काय, आमाले कोन इचारते?”

मला खरं सांग निता, तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला असा मोह होतो का? मला झाला. मी त्या दोघांसाठी चहा सांगितला. चहा होईपर्यंत तो मोह माझ्या सोबत बसून होता. केंद्राची पाटी, लोकांचं पायावर डोकं ठेवणं, ‘जानरावकडं जा’ असं जिल्हाभर म्हटलं जाणं, हे सगळं एका अंगठ्यात वाचणार होतं. किशनला सही येते, पण त्यानं अंगठा पुढं केला होता. अंगठ्याला कमी दोष लागतो असं त्याला वाटत असावं.

मग तुझी आई चहाची कपबशी घेऊन आली आणि किशनसमोर ठेवताना तिनं त्याला विचारलं, “मोतीबाई जेवते का?”

तो म्हणाला, “नाई. सुई घेऊन बसते. बाटली हातात धरून. मी फेक म्हनलं तं फेकत नाई.”

मी धनराजला म्हणालो, तू जा.

ठाण्यात जबाब मी दिला. जमादार लिहीत होता, ‘उपवास करायला लावून औषध बंद केले.’ मी म्हणालो, असं नाही. आधी निम्मं केलं, मग बंद केलं, उपवास त्याच दिवशी सुरू केला. तीन वेगळी वाक्यं करा. आणि ‘घरच्यांच्या संमतीने’ हे काढा. त्यांना काय माहीत होतं संमती द्यायला?

जमादार म्हणाला, “काका, सोताच्या इरुद्ध एवढं बारीक कोनी सांगत नाई.”

मी म्हणालो, चुकीचं लिहिलेलं मला चालत नाही.

हे मोठेपणा म्हणून लिहिलं नाही. मला दुसरं काही नीट करता येण्यासारखं उरलं नव्हतं.

पाटी उतरवली आहे. मातीचा ढीग अंगणात तसाच आहे, पावसानं ओला झालाय.


४ नोव्हेंबर

निता,

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही. तू हातानं लिहिलं होतंस, म्हणून ते पुन्हा पुन्हा वाचलं. ‘दिवाळीत येऊ का’ असं विचारलं होतंस, आणि दिवाळी तशीच गेली. आई अजून तुझी वाट पाहते. माझं तोंड पाहायची तयारी असेल तर ये. आज जे झालं ते आधी लिहितो, मग ठरव.

तांडा उद्या ऊसतोडीला निघणार. आज सकाळी मोतीबाई आली. सोबत धाकटी, भुरी, सहा वर्षांची. दारात चप्पल काढून आत आली, पूर्वी यायची तशीच. म्हणाली, “भाऊ, इलेबी लागलं वाटते. रातभर पानी मागते. निजल्याठिकानी मुतते. वाळून चालली. तुमी पाहा.”

मी म्हणालो, “मोतीबाई, मी पाहत नाही आता. तिला दवाखान्यात न्या.”

“तिथं सुई लावतीन.”

“लावू दे.”

“मंग कारखान्यावर बरफ कोठून आनू? तुमी हळू करा इचं. घाई नोका करू. चंदाचं घाईत झालं.”

तिला असं वाटतंय, निता. चंदाचं घाईत झालं. कायदा येईल, नोंदण्या होतील, माझ्यासारख्यांना तुरुंग होईल, आणि तरी ही बाई लेकरू घेऊन माझ्याच दारात येईल, कारण मी तिच्याशी बसून बोलतो आणि चंदाला ताई म्हणत होतो. अशा बाईचं काय करायचं ते तुमच्या निवेदनात नाही. माझ्या कलमातही नव्हतं.

मी सदरा घातला आणि त्यांच्यासोबत जीपमध्ये बसलो. वाशीमच्या सरकारी दवाखान्यात मी याआधी रुग्ण म्हणूनसुद्धा पाय ठेवला नव्हता. केसपेपरच्या खिडकीवर बाईनं विचारलं, “सोबत कोण?” मोतीबाई म्हणाली, “हे आमचे डाक्टर होये.” रांगेतल्या दोघातिघांनी मागं वळून पाहिलं. एकानं ओळखलं असावं.

मी म्हणालो, “मी डॉक्टर नाही.”

बाई म्हणाली, “मग नातं काय लिहू?” तिनं ती जागा तशीच सोडली.

आतल्या डॉक्टरीण बाईंनी भुरीचं बोट टोचलं. यंत्राचा आकडा मी या वेळी स्वतः वाचला. बाई शांतपणे म्हणाल्या, वेळेवर आणलंत, भरती करू, आज इथंच पहिलं इन्सुलिन देऊ, कारखान्यावर जाऊ नका, बापाला एकट्याला जाऊ द्या. कागदावर लिहिलं, सही केली. नर्स सुई भरून आली.

मोतीबाईनं पोरीला पोटाशी ओढून धरलं. नर्सला हात लावू देईना. डॉक्टरीण बाईंनी समजावलं, नर्स रागावली, काही उपयोग नाही. मोतीबाईनं सगळ्यांच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ, देऊ देऊ का?”

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, “मावशी, त्यांना काय विचारता?”

मी म्हणालो, “दे, मोतीबाई. आज दे. उद्याही दे. कोणी बंद कर म्हणालं तरी बंद करू नको. मी म्हणालो तरी.”

तिनं भुरीची बाही वर केली. मग थांबली. रागानं नाही, आवाज न चढवता, जसं आपण रस्ता विचारतो तसं तिनं विचारलं,

“मंग चंदाची काहून बंद केली?”

खोलीत सगळे माझ्याकडे पाहत होते. जबाबात मी हे सगळं क्रमानं सांगितलं होतं, तीन वेगळ्या वाक्यांत. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

नर्स म्हणाली, “पोरगी हलते. दंड धरा कुणीतरी.”

मी धरला.

बाबा